जुना काटा काढू नका, नवा मीटर शेजारी लावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून एक छोटी बातमी येते. घाटात किंवा महामार्गावर ट्रक पेटला, चालक आणि क्लीनर उड्या टाकून वाचले, माल जळाला, आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज. पुढे काही नसते. कराड-चिपळूण रस्त्यावर मल्हारपेठेत माझे ट्रकच्या वायरिंगचे दुकान आहे. अशी बातमी वाचली की मला प्रश्न पडतात. शॉर्ट कुठल्या वायरीत झाला? त्या वायरीला फ्यूज होता का? ती वायर गाडीबरोबर आलेली होती, की नंतर कुणीतरी ओढलेली? आपल्या बातमीदारांनी घटनास्थळी एवढे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे छापली, तर गाडीमालकांना पुष्कळ कळेल.

हे पत्र लिहायचे कारण, सध्या जुन्या ट्रकांना डिजिटल मीटर बसवण्याची लाट आली आहे. ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की वाहतुकीच्या करारातल्या जुन्या गाड्या दुरुस्तीला येतात. टायर, पाटे, ब्रेकचे लायनिंग झाले की मालक म्हणतो, बोर्डावरचे काटे हलत नाहीत, त्यापेक्षा तो आकडेवाला मीटर टाका. पाण्याचे तापमान, ऑइल प्रेशर, हवा, बॅटरीचे व्होल्ट असे सगळे एका चौकोनात दिसते. बाजारात तो हजार-दीड हजारापासून मिळतो. विकणारा सांगतो, दोन वायरी जोडल्या की झाले. त्या दोन वायरींविषयीच मला बोलायचे आहे.

मी या मीटरच्या विरोधात नाही, हे आधी सांगतो. मी ते बसवतो आणि चांगला बसवलेला मीटर इंजिन वाचवतो हे रोज पाहतो. जुन्या काट्याला आवाज नव्हता. हे नवे मीटर पाणी तापले की बोंबलतात. घाटात रात्री समोरच्या गाडीच्या फोकसमध्ये डोळे दिपलेले असताना चालक बोर्डाकडे बघत नाही, पण त्याला कानाने ऐकू येते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या मीटरची शिफारस करतो. माझा आग्रह फक्त एवढा आहे की नवा मीटर जुन्याच्या शेजारी लावा, त्याच्या जागी लावू नका. आणि त्याची वायर, त्याचा सेन्सर, त्याचे अर्थिंग (म्हणजे इंजिन-चेसीच्या धातूतून बॅटरीच्या मायनसला जाणारा परतीचा जोड; आम्ही त्याला नुसते 'अर्थ' म्हणतो) हे सगळे स्वतंत्र ठेवा.

आधी हवेचे सांगतो, कारण इथे जीव जातो. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. सात-आठ किलो दाबाची हवा टाक्यांमध्ये भरलेली असते. ब्रेकची व्यवस्था दोन भागांत असते, म्हणजे एका भागाची हवा गेली तरी दुसऱ्या भागाने गाडी थांबवता यावी. म्हणून कंपनीने दिलेल्या हवेच्या गेजमध्ये बऱ्याच गाड्यांत दोन काटे असतात, एकेका भागाचा एकेक. आता कुणीतरी तो दोन काट्यांचा गेज काढतो, त्या भोकात डिजिटल मीटर बसवतो आणि हवेचा एकच सेन्सर एका टाकीच्या लायनीला लावतो. समोर आकडा येतो 7.6. चालक खूश. दुसऱ्या टाकीची लाईन गळत असेल, तिच्यात तीनच किलो हवा उरली असेल, तरी मीटर 7.6 च दाखवणार. त्या सेन्सरला दुसरी टाकी माहीतच नाही. त्यात हवा कमी झाल्यावर वाजणारा बझर 'फार कटकट करतो' म्हणून आधीच कुणीतरी तोडलेला असतो. अशी गाडी कुंभार्ली घाट उतरून पोफळीकडे निघाली, तर तिच्या चालकाला आपण अर्धीच माहिती देऊन पाठवले, असा त्याचा अर्थ होतो.

दोन सेन्सर घेणारा मीटर घ्या, नाहीतर हवेच्या बाबतीत जुन्या गेजला हात लावू नका. बझर तुटलेला असेल तर आधी तो जोडा. माझ्या दुकानात हवेचा गेज काढून द्या म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. त्यामुळे गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेले तरी जाऊ दे.

ऑइल प्रेशरची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे गोंधळ सेन्सर आणि मीटर यांच्या जोडीत होतो. सेन्सर म्हणजे दाबाप्रमाणे विजेचा रोध (रेझिस्टन्स) बदलणारा एक डबा. एका प्रकारात दाब शून्य असताना रोध 10 ओहम असतो आणि दाब पूर्ण झाला की 184 ओहमपर्यंत चढतो. दुसऱ्या प्रकारात बरोबर उलटे आहे. शून्य दाबाला 240 ओहम आणि पूर्ण दाबाला 33. दोन्ही प्रकार बाजारात शेजारी शेजारी विकले जातात, दिसायला सारखे असतात, आटे सारखे बसतात. पहिल्या प्रकारचा सेन्सर दुसऱ्या प्रकारच्या मीटरला जोडला तर काय होईल? इंजिन बंद असताना रोध 10 ओहम, म्हणजे मीटरच्या लेखी दाब पूर्ण. चालू गाडीत ऑइल संपले तर हा मीटर 'उत्तम' म्हणून सांगेल. असा एक ट्रक माझ्याकडे आला होता. मालकाची तक्रार वेगळीच होती, की चावी टाकली की इंजिन न लावताच प्रेशर दिसते. त्याला वाटले, मीटर फार संवेदनशील आहे. मी सेन्सरची वायर सोडून मल्टीमीटर लावला आणि दाखवले. त्याच दिवशी सेन्सर बदलला.

म्हणून मीटर बसवून झाल्यावर मालकाने स्वतः एक तपासणी करावी. तिला कुठलेही यंत्र लागत नाही. इंजिन बंद, चावी चालू, ऑइलचा आकडा शून्य यायला हवा. मग सेन्सरची वायर काढून हातात धरा आणि मीटर काय म्हणतो ते बघा. काही मीटर आडव्या रेघा दाखवतात, ते उत्तम. पण काही मीटर वायर तुटली की पूर्ण दाब दाखवतात, कारण तुटलेली वायर त्यांना फार मोठा रोध वाटते. आपला मीटर कुठल्या जातीचा आहे हे चालकाला माहीत असलेच पाहिजे. आणि कंपनीने दिलेला ऑइलचा लाल दिवा, चावी टाकल्यावर पेटणारा आणि इंजिन लागल्यावर विझणारा, तो काढू नका. त्याचा स्विच साधा आहे, दाब गेला की तो अर्थ देतो आणि दिवा पेटतो. नवा सेन्सर बसवायला जागा हवी म्हणून कित्येक जण तो स्विचच काढून टाकतात. त्यापेक्षा पितळी टी-जोड घाला आणि दोन्ही ठेवा.

टी-जोडाविषयी एक गोष्ट अनुभवी मिस्त्रींनाही सांगावी लागते. हा सेन्सर वजनाला जड असतो. इंजिनच्या ब्लॉकवर टी, टीवर अॅडॅप्टर, अॅडॅप्टरवर सेन्सर अशी लांबच लांब दांडी बाहेर काढली, तर डिझेल इंजिनाच्या थरथरीने तो पितळी आटा तुटतो. आणि तुटला की गरम ऑइल दाबाने बाहेर उडते. ते सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडले तर तुमच्या बातमीतली आग लागायला विजेचीही गरज नाही. ब्लॉकपासून एक लवचिक ऑइल होज काढावा आणि सेन्सर चेसीला किंवा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, क्लॅम्पने पक्का करावा. मग मात्र सेन्सरला स्वतंत्र मायनस वायर द्यावी लागते, कारण रबरी होजातून अर्थ येत नाही.

पाण्याच्या सेन्सरलाही हेच लागू आहे. पुष्कळ जुन्या इंजिनांवर दुसरा सेन्सर लावायला मोकळे भोक नसते. मग वरचा रेडिएटर होज कापून त्यात अॅल्युमिनियमचा एक तुकडा बसवतात आणि त्याला सेन्सर लावतात. पद्धत चांगली आहे, मीही तेच करतो. पण तो तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात आहे, त्याला अर्थ कुठून मिळणार? तिथून इंजिनच्या ब्लॉकवर एक वायर टाकलीच पाहिजे. ती टाकली नाही की आकडा भलताच येतो आणि दोष मीटरच्या माथी मारला जातो. आट्याला गळती होऊ नये म्हणून पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून सेन्सर कसतात, त्यानेही अर्थ कच्चा होतो. आणि एकाच सेन्सरवरून जुना काटा आणि नवा मीटर असे दोन्ही चालवू नका. दोघेही त्यातून आपापला करंट सोडतात आणि दोघांचेही वाचन चुकते.

तापमानाचा मीटर बरोबर आहे का, हे बघायची माझी पद्धत सोपी आहे. सेन्सर बसवण्याआधी त्याला लांब वायर लावतो, पातेल्यात पाणी उकळायला ठेवतो आणि त्यात सेन्सर बुडवून धरतो. मल्हारपेठ समुद्रसपाटीपासून बरीच वर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळते. मीटर 97 ते 99 दाखवत असेल तर ठीक. मी हे मालकासमोर करतो. मीटरवर दशांश चिन्ह दिसते म्हणून माणसे त्याच्यावर काट्यापेक्षा जास्त विश्वास टाकतात. 87.4 असा आकडा दिसला की तो अंशाच्या दहाव्या भागापर्यंत खरा आहे असे वाटते. पातेल्यातल्या पाण्यात चार-पाच अंशांचा फरक डोळ्यांनी पाहिला की त्या दशांशाची किंमत कळते.

पण एक धोका पातेल्याच्या चाचणीत दिसत नाही. कोकणातून जांभा चिरा भरून चिपळूणहून वर येणारी एक सहाचाकी होती, टाटाच्या जुन्या 697 इंजिनाची. घाट चढताना खालच्या होजाची क्लिप निसटली आणि पाणी वाहून गेले. मीटरचा आकडा वाढत वाढत गेला, भोंगा वाजला आणि मग आकडा उतरायला लागला. चालकाला वाटले, वारा लागला, इंजिन निवले. खरे म्हणजे सेन्सरभोवतीचे पाणीच संपले होते, तो कोरडा पडला होता, आणि पाण्याशिवाय त्याला इंजिनची उष्णता कळणार कशी? हेलवाकला पोचेपर्यंत इंजिनचे हेड वाकले होते. हा दोष एकट्या डिजिटल मीटरचा नाही, जुना काटाही अशा वेळी खाली येतो. म्हणून मी आता रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याची पातळी सांगणारा वेगळा सेन्सर घालायला सांगतो. मीटर घेताना त्याला पातळीच्या सेन्सरची जागा आहे का, हे जरूर विचारा. आणि चालकांना सांगणे की आकडा भराभर चढून एकदम उतरायला लागला तर ती निवल्याची खूण समजू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

आता विजेकडे येतो. टाटा 407 सारख्या लहान गाड्या 12 व्होल्टच्या, मोठे ट्रक बहुतेक 24 व्होल्टचे. 24 व्होल्ट म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. स्वस्तातले पुष्कळ मीटर कारसाठी बनलेले, फक्त 12 व्होल्टचे असतात. मग करतात काय, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढतात, तिथे 12 व्होल्ट मिळतात. मीटर चालतो, टेपही चालतो, मोबाइलही चार्ज होतो. पण खर्च एकाच बॅटरीचा होतो आणि चार्जिंग दोघींना एकत्र मिळते. खर्च होणारी बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. हंगामाच्या मध्यावर दोन्ही निकामी होतात आणि मालक बॅटरीच्या दुकानदाराशी भांडतो. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. नाहीतर 24 व्होल्टवर चालणाराच मीटर घ्या. डब्यावर 9 ते 32 व्होल्ट लिहिलेले असले की दोन्हीकडे चालतो.

आणि फ्यूज. आपल्या बातम्यांतल्या आगीचे पुष्कळदा इथेच मूळ असते, असे माझे मत आहे. मीटरला एक अॅम्पिअरसुद्धा लागत नाही. पण वायर थेट सेल्फच्या मोठ्या केबलवरून किंवा अल्टरनेटरच्या बोल्टवरून घेतली असेल, तर तिच्या मागे दोन बॅटऱ्यांची सगळी ताकद उभी असते. वायर बारीक, फायरवॉलच्या पत्र्यातल्या भोकातून तशीच ओढलेली, भोकाला रबरी ग्रोमेट नाही. इंजिन हलते, पत्र्याची धार वायरीची साल खाते. ज्या दिवशी तांबे पत्र्याला टेकते त्या दिवशी त्या बारीक वायरीतून शेकडो अॅम्पिअर वाहू लागतात. वायर लाल होते, शेजारच्या वायरींची सालही वितळते, आणि केबिनमध्ये रेक्झिन, फोम, चादरी, देवाच्या फोटोपुढचे कृत्रिम हार असे पेटायला सगळे तयारच असते. दोन-तीन अॅम्पिअरचा एक पट्टीचा फ्यूज, जिथून वायर काढली तिथून वीतभर अंतरावर बसवला असता, तर तो उडाला असता आणि मीटर बंद पडला असता. फ्यूज मीटरच्या बाजूला लावून उपयोग नाही, कारण वायर मध्येच घासली तर तो शॉर्टच्या पलीकडे राहतो. तो बॅटरीच्या बाजूला हवा. आणि उडाला तर सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार लावू नका. का उडाला ते शोधा.

जोड कसा करावा यावर आमच्या धंद्यात मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणे ट्रकमध्ये चालत नाही; इंजिनच्या उष्णतेने टेपेचा डिंक वितळतो आणि ती सुटते. नुसते डाग दिलेले (सोल्डर केलेले) जोडही कडक होतात आणि डाग संपतो तिथे थरथरीने तुटतात. योग्य मापाचे थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), योग्य पक्कडीने दाबलेले, वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, आणि दर वीतभर अंतरावर वायरीला क्लॅम्प. वायर गाड्यांसाठी बनलेलीच घ्यावी, जिच्यावर आयएस 2465 हे मानक छापलेले असते. घरातल्या पंख्याची वायर ट्रकच्या इंजिनपाशी टिकत नाही.

अर्थिंगची एक तक्रार माझ्याकडे नेहमी येते. डावीकडचा इंडिकेटर लावला की पाण्याचा आकडा त्याच्या तालावर वर-खाली नाचतो. हेडलाईट लावली की ऑइल प्रेशर वाढते. मीटर खराब आहे म्हणून लोक तो बदलतात आणि नवा मीटरही तसाच नाचतो. ट्रकची केबिन रबराच्या बुशांवर बसलेली असते. केबिनपासून चेसीपर्यंत आणि चेसीपासून इंजिनपर्यंत अर्थाच्या जाळीदार पट्ट्या असतात. जुन्या गाडीत त्या गंजून हिरव्या झालेल्या असतात किंवा रंगकाम करणाऱ्याने काढून परत लावलेल्या नसतात. मग दिव्यांचा करंट परतीची वाट शोधत मीटरच्या बारीक मायनसमधून जातो. पट्ट्या काढून, दोन्ही टोके पत्र्यापर्यंत घासून, नव्या बोल्टने कसून, वर ग्रीस लावा. यातून मीटरच नव्हे, सेल्फही सुधारतो.

हंगामाआधी उसाच्या गाड्यांच्या बॉडीला वेल्डिंग करावेच लागते. तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांची टर्मिनल सोडा आणि मीटरचा कपलर काढा. वेल्डिंगचा अर्थ जिथे काम चालले आहे तिथेच जवळ लावा. दुसरी एक जुनी सवय मोडली पाहिजे. डायनामो चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढायचे. जुन्या डायनामोच्या काळात ते खपून गेले. अल्टरनेटरच्या 24 व्होल्टच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज शंभराच्या वर उसळी घेऊ शकते. बल्ब आणि काटे ते सोसत होते, डिजिटल मीटर सोसत नाही. व्होल्टमीटर समोर असताना अशी परीक्षा घ्यायची गरजच नाही. इंजिन चालू असताना 27 ते साडेअठ्ठावीस दिसले की चार्जिंग ठीक आहे.

इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरला सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून देतात, कारण डिझेलला पेट्रोलसारखी इग्निशन कॉइल नसते. पुली बदलली की त्याचे सेटिंगही पुन्हा जुळवावे लागते, इतके लक्षात ठेवले तरी पुरे. रात्री निळा प्रकाश डोळ्यांत जातो, म्हणून उजेड कमी करायची वायर पार्किंग लाईटला जोडून घ्या. ती बहुतेक मीटरला असते आणि बहुतेक गाड्यांत तशीच लोंबकळत असते.

किलोमीटरच्या आकड्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. नव्या डिजिटल मीटरमध्ये पहिला आकडा कुठला टाकायचा ते बसवणाऱ्याच्या हातात असते. विकायच्या आधी गाडीला 'नवा मीटर' टाकून लाखो किलोमीटर पुसून टाकायला सांगणारे लोक येतात. ही घेणाऱ्याची फसवणूक आहे. कर्ज काढून जुनी गाडी घेणारा पहिल्यांदा मालक होणारा चालक असतो, त्याचा पहिला हंगाम त्या आकड्यावर अवलंबून असतो. मीटर बदलला त्या दिवशीची तारीख आणि जुना आकडा पक्क्या पावतीवर लिहून द्यायची पद्धत माझ्या दुकानात आहे, आणि ती सगळीकडे सक्तीची व्हावी असे मला वाटते.

परिवहन विभागाकडे माझी एक मागणी आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते. त्या वेळी दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले जातात. बोर्डामागे नंतर ओढलेल्या वायरी आहेत का आणि त्यांना फ्यूज आहे का, हवेच्या दोन्ही भागांचा दाब चालकाला दिसतो का, बझर वाजतो का, हेही पाहावे. टॉर्च घेऊन पाच मिनिटांचे काम आहे.

आमच्या धंद्यातल्या मुलांसाठीही काही करता येईल. आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम आहे. पण रस्त्याकडेला दुकान टाकणारी बहुतेक पोरे कुठल्या तरी उस्तादाच्या हाताखाली शिकलेली असतात. त्यांना दिवसाचे दुकान बंद ठेवून वर्षभर शिकायला जाणे परवडत नाही. आणि आता 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्या त्यांच्यापुढे येऊन उभ्या आहेत. त्यात सेन्सर आणि संगणक आपसात बोलतात आणि त्यांची एक वायर कापून मीटर जोडला तर गाडी जागची हलत नाही. साखर कारखान्यांनी हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, आपल्या यार्डात आयटीआयच्या शिक्षकांकडून आठवड्याचा वर्ग घ्यावा. गाड्या त्यांच्याच उसाच्या आहेत. मल्टीमीटर कसा धरावा, फ्यूजचे माप कसे ठरवावे, सेन्सर कसा ओळखावा एवढे शिकवले तरी पुष्कळ होईल.

मीटर विकणाऱ्यांनी डब्यात मराठी कागद घालावा. आत्ता येतो तो कागद बारीक अक्षरातला, कधी इंग्रजीत, कधी चिनीत, आणि लाल वायर कशाला नि पिवळी कशाला हे अंदाजाने ठरवले जाते. म्हणून मी 24 व्होल्टच्या ट्रकला मीटर कसा जोडावा याचे चित्र हाताने काढून या पत्रासोबत पाठवत आहे. फ्यूज कुठे, कन्व्हर्टर कुठे, सेन्सरचा मायनस कुठे, हवेचे दोन सेन्सर कुठे, ते मराठीत लिहिले आहे. जागा कमी असेल तर पत्र छाटा, चित्र मात्र पूर्ण छापा, आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवता येईल एवढ्या आकाराचे छापा.

पत्रात गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे दाखले आहेत, म्हणून माझे नाव छापू नये ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
मल्हारपेठ, ता. पाटण, जि. सातारा